वाह पेडलची कॉइल चुंबकित करून आवाज बदलतो का? गिऱ्हाइकाला सांगण्याआधी हा प्रयोग करा

आजचा धडा अँप्लिफायर, कीबोर्ड, बँजो-गिटारचे पेडल दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांसाठी आहे. दुकान बारामतीत असलं तरी काम इंदापूर, भिगवण, वालचंदनगरहूनही येतं. ऑर्केस्ट्रातला गिटारवाला विचारतो, “कॉइलला करंट दिला की वाहचा आवाज जुन्या पेडलसारखा होतो म्हणे. करून देता का?” लगेच ‘हो’ म्हणायचं नाही आणि ‘नाही’ पण म्हणायचं नाही. आधी मोजायचं.

आत नेमकं काय होतं?

वाह पेडलमध्ये साधारण ५०० मिलिहेन्रीची, फेराइट गाभ्याची कॉइल असते. तिच्यासोबत ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. या दोघांचा मेळ सुमारे २२५० हर्ट्झवर बसतो. पाय दाबला-उचलला की सर्किटला तोच कपॅसिटर कमी-जास्त मोठा भासतो, आणि आवाजाचा उंचवटा तिथून खाली सुमारे ४०० हर्ट्झपर्यंत सरकतो. तोच तो ‘वा-वा’.

कॉइलमधून थोडा वेळ डीसी करंट सोडला की गाभ्यात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. त्याचे दोन परिणाम होऊ शकतात:

- इंडक्टन्स कमी होतो. समजा १० टक्के कमी झाला, तर फ्रिक्वेन्सी सुमारे ५ टक्के वर जाते. म्हणजे जवळजवळ एक अर्धा स्वर.
- जोरात वाजवल्यावर लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा आधी दबते. आवाज किंचित जाडसर लागतो.

पण फेराइट हा ‘मऊ’ चुंबकीय पदार्थ आहे, तो चुंबकत्व फारसं धरून ठेवत नाही. गाभ्यात हवेची फट असेल तर आणखीच कमी. त्यामुळे एका पेडलमध्ये फरक कळेल, दुसऱ्यात काहीच नाही.

प्रयोग कसा करायचा?

गिऱ्हाइकाच्या पेडलवर नाही, स्वतःच्या जुन्या पेडलवर!

१. कॉइलचा एक पाय बोर्डावरून सोडवा. पूर्ण कॉइल सारखी काढ-घाल केली तर बोर्डाची पट्टी उखडते.
२. एलसीआर मीटरने इंडक्टन्स मोजा आणि वहीत लिहा. प्रत्येक वेळी मीटरची फ्रिक्वेन्सी तीच ठेवा.
३. कॉइलवर ४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू बॅटरीच्या प्लसकडे. कनेक्शन तोडताना कॉइल झटका मारते, तो डायोड गिळतो.
४. ९ व्होल्टची बॅटरी १०० ओहम, १ वॉटच्या रेझिस्टरमधून एक सेकंद जोडा आणि काढा.
५. डायोड काढून परत मोजा. आकडा हललाच नाही तर आवाजातही फरक शोधत बसू नका.
६. आकडा हलला असेल तर पाय जोडा आणि पेडल वाजवून बघा. आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग मित्राला न सांगता ऐकवा. पाच-सहा वेळा त्याने बरोबर ओळखलं तरच फरक खरा.

परत पूर्वीसारखं करता येतं का?

येतं, आणि हेच धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. पाय पुन्हा सोडवा, डायोड नसल्याची खात्री करा. लहान अँप्लिफायरमधून ५० हर्ट्झचा सिग्नल त्याच रेझिस्टरमार्गे कॉइलला द्या आणि नॉब अगदी सावकाश शून्यावर आणा. मधेच बंद करू नका, नाहीतर चुंबकत्व परत उरतं. इंदापूरचं गिऱ्हाईक पन्नास-एक किलोमीटर येतं, त्याला “आता असंच राहील” हे सांगायची वेळ येता कामा नये.

पैसे कशाचे घ्यायचे?

समजा मोजणी, सोल्डरिंग, ऐकणं यात दीड तास जातो आणि तुमचा दर तासाला २०० रुपये आहे. मजुरी झाली ३०० रुपये. ही तपासणीची फी आहे, ‘जादुई आवाजा’ची नाही. हे काम घेतानाच सांगा.

आणि गिऱ्हाइकाला ठळक फरक हवा असेल तर खात्रीचे उपाय आहेत. ०.०१ च्या जागी ०.०१५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की सगळा पल्ला सुमारे १८ टक्के खाली येतो. बऱ्याच पेडलमध्ये कॉइलला समांतर ३३ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो ४७ केला की ‘वा’ जास्त टोकदार होतो. दोन्ही सुटे भाग काही रुपयांचे.

वाह पेडलचा जन्मच असा आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हे इंजिनिअर अँप्लिफायरमधला महागडा स्विच काढून स्वस्त पोटेन्शिओमीटर बसवत होते. तो फिरवताना आवाज वेगळा लागला, आणि त्यातून नवीन उत्पादन उभं राहिलं. खर्च वाचवायला केलेला बदल त्यांनी नीट ऐकला, एवढंच!

या आठवड्याचा गृहपाठ: वहीत चार रकाने आखा: पेडल, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, ऐकून फरक कळला का. तीन पेडल तपासा. तिन्हींमध्ये ‘नाही’ आलं तरी वही जपून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला ती उघडून दाखवली की त्याचा विश्वास बसतो, आणि तेच गिऱ्हाईक अँप्लिफायर घेऊनही तुमच्याकडेच येतं.