पाण्याचा हिशेब

वैशाख लागला, की लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत ऊन तापू लागते. विहिरींचे पाणी खोल जाते, ओढे आटतात आणि घरोघरी पाणी जपून वापरावे लागते. साठवलेले पाणी कमी कसे होते, माठात ते गार कसे राहते, गढूळ पाणी कसे निवळते, असे प्रश्न मुलांच्या मनात सहज उभे राहतात. त्यांची उत्तरे शोधण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातील भांडी पुरेशी होतात.

पहिला प्रयोग परातीचा व तांब्याचा. एक पेला पाणी परातीत ओतावे आणि तितकेच तांब्यात ओतावे. दोन्ही भांडी सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन्हींतील पाणी त्याच पेल्याने पुन्हा मोजावे. परातीतील पाणी अधिक घटलेले आढळते. पाण्याची वाफ त्याच्या पृष्ठभागावरून होते. परातीत पाणी पसरते, हवा लागणारा पृष्ठभाग वाढतो, म्हणून वाफही अधिक होते.

धरणाचा जलाशय ही एक प्रचंड परातच होय. २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. लागोपाठ दोन वर्षे पाऊस अपुरा झाला होता. जे थोडे साठले होते, त्यातूनही उन्हाने आपला वाटा नेला. अखेर सांगली जिल्ह्यातील मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली.

धरणातील पाणी नेणारी ही वाफच घरातील माठ मात्र गार ठेवते. एका माठात व एका पितळी कळशीत सारखेच पाणी भरून ती सावलीत ठेवावीत. काही तासांनी दोन्हींतील पाण्यात बोट बुडवून पाहावे. माठातील पाणी गार लागते. भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे हे कार्य जलद चालते. श्रावणातील दमट हवेत ते मंदावते.

तिसरा प्रयोग पावसाळ्यातला. नांदेड शहर गोदावरीच्या काठी वसले आहे. पूर आला, की नदीचे पाणी मातीने गढूळ होते. असे पाणी काचेच्या दोन पेल्यांत घ्यावे आणि एका पेल्यात तुरटीचा खडा काही वेळ फिरवावा. तासाभराने त्या पेल्याच्या तळाशी गाळ बसलेला व वरचे पाणी निवळलेले दिसते. मातीचे बारीक कण एरवी पुष्कळ वेळ तरंगत राहतात. तुरटीमुळे ते एकमेकांस चिकटतात, जड होतात व खाली बसतात. परंतु निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. म्हणून ते उकळल्यावाचून पिऊ नये.

चौथ्या प्रयोगास सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा हवा. पाऊस येण्यापूर्वी तो अंगणात, झाडापासून व भिंतीपासून दूर ठेवावा. पाऊस थांबताच डब्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. डब्यात २५ मिलिमीटर पाणी साचले असेल, तर २० चौरस मीटर जागा झाकणाऱ्या पत्र्याच्या छपरावर ५०० लिटर पाणी पडले, असा हिशेब होतो. अशा एक हजार छपरांवर एका पावसात ५ लाख लिटर पाणी पडते. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत पाणी होते ते एवढेच.

ते पाणी पन्हाळीवाटे टाकीत उतरवावे, की रस्त्यावरून वाहून जाऊ द्यावे, हे प्रत्येक घराने ठरवावयाचे असते. ज्या मुलाने डब्यातील पाणी स्वतः मोजले आहे, त्याला त्याचे उत्तर सांगावे लागत नाही.

स्वाध्याय
१. परातीवर झाकण ठेवले, तर पहिल्या प्रयोगात काय फरक पडेल? करून पाहा.
२. आपल्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजा व १० मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल, ते काढा.
३. कारणे द्या : श्रावणात माठातील पाणी उन्हाळ्याइतके गार होत नाही.