पत्ता खोलीचा, माणसाचा नव्हे

गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलमधल्या एका सेकंड इयरच्या मुलाचं नेट आठ दिवस बंद होतं. रात्रभर कुणीतरी प्रचंड डाउनलोडिंग केलं, लॉगमध्ये आयपी ॲड्रेस सापडला आणि रजिस्टरमध्ये त्यापुढे त्याचं नाव निघालं. "माझा लॅपटॉप त्या दिवशी रिपेअरला होता," असं तो सांगत होता. कुणी ऐकलं नाही. न ऐकणाऱ्यांत मीही होतो, कारण ते रजिस्टर मीच लिहायचो. त्या आठवड्यातली त्याची इंटर्नशिपची ऑनलाइन टेस्ट हुकली.

नंतर कळलं ते असं. आमच्याकडे आयपी मॅक ॲड्रेसवरून ठरायचा. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपना लॅन पोर्टच नसतं, म्हणून यूएसबी डोंगल लावतात. आणि मॅक ॲड्रेस असतो त्या डोंगलचा! याचं डोंगल त्या रात्री पॅसेजभर फिरत होतं. शिवाय मॅक ॲड्रेस सॉफ्टवेअरमधून बदलताही येतो. म्हणजे आमचा पुरावा खिशातून नेता येण्याजोगा होता.

मग विचार केला, न हलणारी वस्तू कोणती? भिंतीतली वायर आणि तिच्या टोकाचं स्विच पोर्ट. पत्ता त्यालाच बांधायचा.

आधी थोडी उजळणी करू. डीएचसीपीत चार पावलं असतात : डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. मशीन ओरडतं, "कुणी पत्ता देतं का?" आणि सर्व्हर देतो. पण मशीन कुठून ओरडतंय हे सर्व्हरला दिसत नाही. ते सांगण्यासाठी ऑप्शन ८२ आहे (आरएफसी ३०४६, २००१). स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं की स्विच त्या पाकिटावर स्वतःचा शिक्का मारून पुढे पाठवतो. शिक्क्यात दोन भाग असतात. सर्किट आयडी म्हणजे कुठलं पोर्ट, आणि रिमोट आयडी म्हणजे कुठला स्विच. दोन्ही बघायचे, कारण अकरा नंबरचं पोर्ट प्रत्येक स्विचवर असतं.

सर्व्हरवर मग प्रत्येक जोडीसमोर एकच पत्ता लिहायचा. आयएससी डीएचसीपीत हे क्लास आणि एका पत्त्याचा पूल करून जमतं. पण त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबली, म्हणून नवं काम त्याच संस्थेच्या कीआवर करावं.

आता आम्ही कुठे कुठे आपटलो ते सांगतो.

एक : पोर्टवर छापलेला आकडा आणि सर्किट आयडीतला आकडा एकच असेल असं धरून चाललो. काही स्विच शून्यापासून मोजतात. पहिल्या दिवशी अख्खी विंग एक खोली सरकली! आधी पाकीट पकडून बघा, मगच तक्ता भरा.

दोन : सर्व्हरकडे जाणारं पोर्ट 'ट्रस्टेड' करायला विसरलो. स्विचने सर्व्हरचीच उत्तरं अडवली.

तीन : लीज एक दिवसाची ठेवली होती. रूममेटने तीच वायर आपल्या लॅपटॉपला लावली की त्याला पत्ता मिळेना, कारण तो आधीच्या मशीनच्या नावावर अडकलेला. लीज दहा मिनिटांवर आणली आणि तक्रारी थांबल्या.

चार : एवढं करूनही कुणी हाताने दुसऱ्याचा आयपी टाकला तर डीएचसीपी काहीच करू शकत नाही, तो विचारेल त्यालाच उत्तर देतो. त्यासाठी आयपी सोर्स गार्ड लागतो. स्नूपिंगच्या नोंदीत त्या पोर्टसमोर जो पत्ता आहे, तेवढाच तो आत सोडतो.

आता डोंगल कुणाचंही असो, खोली बदलली की पत्ता बदलतो. रेक्टर सर खूश झाले आणि म्हणाले, "म्हणजे आता चोर नक्की सापडणार!"

मी नाही म्हटलं. पोर्टवरून खोली कळते, आणि खोलीत तिघं राहतात. दार उघडं असेल तर चौथाही बसतो. रॅकमध्ये दोन वायरी अदलाबदल झाल्या तर खोलीही चुकते. म्हणून रजिस्टरमध्ये आम्ही आता नावाचा रकानाच ठेवलेला नाही, फक्त खोली नंबर आहे. आणि नेट बंद करण्याआधी खोलीवर जाऊन विचारायचं, असा नियम केलाय. ते काम माझ्याकडे आहे.

त्या मुलाला मी सॉरी म्हटलं. तो या वर्षी आमच्या कमिटीत आहे. वायरींवर खोली नंबरच्या चिठ्ठ्या त्यानेच लावल्या, आणि दोन्ही टोकांना लावल्या.