गुल्फाघातानंतरचा पाददाह : निदानातील एक दुर्लक्षित स्थान

खरीप हंगामात आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील दवाखान्यांत पाय मुरगळलेले रुग्ण नित्य येतात. लेप, बंध व विश्रांती यांनी बहुतेकांची सूज ओसरते. काही मात्र दोन-तीन महिन्यांनी तळव्याची आग व मुंग्या घेऊन परततात. चिखली परिसरातील अशा एका शेतकऱ्यास वातकंटक समजून प्रस्तुत लेखकाने टाचेवर अग्निकर्म योजिले होते. कर्मापूर्वी कापसाने स्पर्शपरीक्षा केली असता तळवा बधिर आढळला व कर्म रहित करावे लागले.

सुश्रुताचार्यांनी गुल्फ हे रुजाकर मर्म गणले असून त्याच्या आघाताने वेदना, पादस्तब्धता व खंजता सांगितली आहे. आतल्या घोट्यामागील अरुंद मार्गातून टिबियल नर्व्ह, रक्तवाहिन्या व तीन कंडरा तळव्याकडे जातात. आघातोत्तर शोथ, व्रणवस्तू किंवा वाकडे सांधलेले हाड यांमुळे तेथे नर्व्ह दाबली जाते. हाच टार्सल टनेल सिंड्रोम होय. हे नाव १९६२ मध्ये पुढे आले.

वातकंटकात वेदना बहुधा टाचेत असते आणि सकाळच्या पहिल्या पावलांना तीव्र होते. येथे दाह तळवा व बोटांत असून उभे राहिल्याने आणि रात्री वाढतो. आतल्या घोट्यामागे बोटाने हलके ठोकल्यास तळव्यात झिणझिण्या उमटतात. दोन्ही तळव्यांत दाह असल्यास रक्तशर्करा तपासावी. कंबरेपासून वेदना उतरत असल्यास गृध्रसीचा विचार करावा. त्वचेवर बधिर चट्टा असल्यास किंवा घोट्यामागील नर्व्ह जाड लागल्यास कुष्ठरोगाची (लेप्रसी) तपासणी अवश्य करवावी. त्याची औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.

चिकित्सेत श्रमत्याग, टाच व कमानीस आधार देणारे पादत्राण आणि मृदू स्नेहन हितकर. घट्ट बंध व जोराचे मर्दन वर्ज्य. स्पर्शज्ञान शाबूत असल्याची खात्री झाल्यावरच स्वेदन करावे. बधिर तळव्यास चटका कळत नाही आणि मधुमेह्यात त्याच व्रणातून पाय गमावण्याची वेळ येते. स्नायू क्षीण होत असल्यास, बधिरता वाढत असल्यास किंवा काही आठवड्यांत उपशय न मिळाल्यास नर्व्हच्या तपासणीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. विलंबाने नर्व्हची हानी कायमची होऊ शकते.

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती, की तळव्याच्या आगीसाठी तेल मागणाऱ्यास ‘पाय कधी मुरगळला होता का, तळव्याला स्पर्श कळतो का?’ एवढे अवश्य विचारावे. स्पर्श कळत नसेल, तर तेलाआधी त्यास वैद्याकडे पाठवावे.