परक्या किनाऱ्यावर गोदीची निवड

स्वदेशात नौका दुरुस्तीस द्यावयाची असते तेव्हा मालकाला गोदी परिचयाची असते, कारागिरांचा लौकिक ठाऊक असतो आणि काम बिघडल्यास दाद मागण्याचीही सोय असते. परमुलखात यांपैकी काहीच हाताशी नसते. तेथे गोदी निवडणे म्हणजे केवळ कारागीर निवडणे नव्हे. तेथील ऋतू, हवा, पाणी, चलन, सरकारी परवाने आणि खलाशांची प्रकृती यांचाही स्वीकार त्याबरोबरच होत असतो. कप्तान जेम्स कुक याच्या ‘एंडेव्हर’ जहाजाच्या दुरुस्तीची हकिकत या दृष्टीने फार बोलकी आहे.

११ जून १७७० च्या रात्री हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत एका प्रवाळखडकावर चढले. तोफा आणि नीरम म्हणून भरलेले लोखंड व दगड समुद्रात टाकल्यावर सुमारे २३ तासांनी ते मोकळे झाले. लोकर व दोरखंडाचा पिंजलेला काथ्या शिवलेले एक शीड तळाखालून ओढून भोकावर आणण्यात आले. पाण्याच्या दाबाने ते भोकात ओढले गेले आणि गळती आटोक्यात आली. कुकला आता आसरा हवा होता, आणि त्या किनाऱ्यावर गोदी तर नव्हतीच. आज जेथे कुकटाउन वसले आहे तेथील नदीमुखात त्याने जहाज वाळूवर चढविले. हे शक्य झाले याचे कारण ‘एंडेव्हर’ मूळचे कोळसा वाहण्यासाठी व्हिटबी येथे बांधलेले असून त्याचा तळ सपाट होता. प्रवाळाचा एक मोठा तुकडा भोकातच अडकून राहिल्याचे तेथे आढळले. तो तसा अडकला नसता तर जहाज बुडाले असते. सुतारांनी फळ्या बदलल्या. परंतु ओहोटीला पाणी पुरेसे उतरत नसल्यामुळे मागील बाजूचा तळ नीट तपासता आला नाही. भरती-ओहोटीतील अंतर हे ज्याला आपण गोदीचे ‘सामान’ म्हणू त्यापैकीच एक होय, याची जाणीव पुष्कळांना उशिरा होते.

ऑक्टोबरात जहाज डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बटेव्हिया बंदरात, म्हणजे आजच्या जकार्तात, पोहोचले. तेव्हा तासाला सहा ते बारा इंच पाणी आत येत होते. सुताराने दोषांची लेखी यादी सादर केली आणि त्याच स्थितीत युरोप गाठता येणार नाही हे उघड झाले. जहाज आडवे कलंडवून तळ उघडा करण्याची उत्तम सोय बंदरासमोरील ऑनरस्ट बेटावर होती. दोन अडचणी मात्र होत्या. एक, डच अधिकाऱ्यांची परवानगी, दुसरी, पैसा. एवढी रक्कम देऊ शकेल असा खासगी मनुष्य शहरात मिळेना, तेव्हा गव्हर्नरच्या आज्ञेने ती कंपनीच्या तिजोरीतून मिळाली.

तळ उघडा पडल्यावर पाहणारे थक्क झाले. काही फळ्या झिजून इंचाच्या आठव्या हिश्शाएवढ्याच जाडीच्या उरल्या होत्या आणि किड्यांनी आतील लाकडापर्यंत मजल मारली होती. डच कारागिरांनी काम चोख व त्वरेने केले. इतक्या तत्परतेने काम होणारी दुसरी गोदी जगात असेल असे वाटत नाही, अशा आशयाची नोंद कुकने केली आहे. कारागिरीच्या कसोटीवर त्याची निवड अचूक ठरली.

माणसांच्या बाबतीत मात्र तिचे मोल भयंकर होते. साचलेल्या पाण्याचे कालवे व दलदल यांनी वेढलेल्या त्या शहरात हिवताप आणि अतिसार यांचे राज्य होते. स्कर्व्हीने एकही माणूस न गमावता आलेल्या या जहाजावरील सातजण बटेव्हियातच दगावले. त्यांत जहाजाचे वैद्य मंकहाउस आणि ताहितीहून आलेला दुभाष्या तुपाइआ हेही होते. २६ डिसेंबरला जहाज निघाले ते रोगी घेऊनच. मार्च १७७१ मध्ये केप टाउन येईपर्यंत आणखी वीसहून अधिक मृत्यू झाले. चित्रकार सिडनी पार्किन्सन व खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीन हे त्यांतलेच. कुकला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्या समुद्रात जहाज कलंडविण्याची अशी सोय असलेले दुसरे बंदर त्याच्या आटोक्यात नव्हते.

आजच्या शिडाच्या नौकेवर दोन-चार माणसे असतात आणि तिचा तळ बहुधा फायबरग्लासचा असतो. तरी निवडीचे स्वरूप फारसे बदललेले नाही. निवडीला अवसर मिळेलच असे नाही. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता एप्रिल २०१८ मध्ये सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि नियोजनात नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात त्यांना थांबावे लागले. अशा वेळी जे जवळ ते चांगले. अवसर असतो तेव्हा अनुभवी मंडळी प्रथम ऋतूचा विचार करतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असल्याने पुष्कळ नौका न्यूझीलंडकडे वळतात आणि सक्तीचा तो मुक्काम दुरुस्तीत घालवितात. फायबरग्लासचे थर व रंग यांना कोरडी हवा लागते. भर पावसाळ्यात स्वस्त दराने उरकलेले काम पुढे फुगून सुटते.

यानंतर प्रत्यक्ष पाहणी. गोदीकडे नौका नेण्याच्या वाटेवर पाणी किती खोल आहे, उचलणारे यंत्र किती वजन पेलते, टेकू ज्या जमिनीवर रोवायचे ती कठीण आहे की पावसात खचणारी, हे मालकाने स्वतः पाहावे. कचेरीतील माहितीपत्रकापेक्षा शेजारी उभ्या असलेल्या नौकांचे मालक अधिक खरे सांगतात. आपल्या हातांनी काम करण्याची किंवा बाहेरचा कारागीर आणण्याची मुभा काही गोद्या देत नाहीत. हे आधी विचारलेले बरे. सुटे भाग परदेशातून मागवायचे असल्यास जकातीत सूट आहे काय आणि नौकेला व माणसांना देशात किती दिवस राहता येते, याचाही हिशेब हवा. अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि उघडून पाहिल्यावर निघणाऱ्या जादा कामाचा दर त्यातच ठरवून घ्यावा. कारण ‘एंडेव्हर’प्रमाणेच तळाची खरी अवस्था तो पाण्याबाहेर आल्यावरच कळते. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी नौका पट्ट्यांत अडकलेली असतानाच पाण्यात थोडा वेळ उतरवून ठेवावी आणि आतून तळाची प्रत्येक जोडणी बोट लावून पाहावी. पाणी झिरपत असेल तर ती पुन्हा वर घेणे तेव्हाच सोपे असते.