आधी झाडं, मग नकाशा

प्रश्न : आमच्या पुण्यातील सोसायटीचा पुनर्विकास होतोय. आवारात जुनी चिंच आणि दोन आंबे आहेत. ‘नकाशा मंजूर झाला की झाडांचं बघू,’ असं विकसक म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तळघराची रेघ एकदा ओढली गेली, की चिंच वाचवणं फार कठीण होतं. आधी वृक्षतज्ज्ञाकडून प्रत्येक झाडाची जात, उंची, घेर, प्रकृती आणि नेमकी जागा नोंदवून घ्या. मगच आर्किटेक्टला पेन्सिल उचलू द्या.

खरी गोष्ट जमिनीखाली असते. मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, आणि बहुतेक वरच्या मीटरभर मातीतच. ब्रिटनच्या ‘बीएस 5837’ मानकात दीड मीटर उंचीवरच्या खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ राखतात. तुमच्या चिंचेचा घेर 220 सेंटिमीटर असेल, तर व्यास सुमारे 70 सेंटिमीटर. म्हणजे चारी बाजूंनी 8.4 मीटर. तिथे खोदाई नको, सिमेंटची थप्पीही नको.

वयही तपासा. 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यातील 2021च्या दुरुस्तीनुसार पन्नाशी गाठलेलं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. सोसायटीच्या सभेत ‘आधी झाडं, मग नकाशा’ हा आग्रह तुम्हीच धरा, करारावर सह्या होण्याआधी.