टोमॅटोची रोपे: विकतची की घरची?

प्रश्न : एकरभर टोमॅटो लावायचा आहे. रोपे विकत आणावीत की घरी करावीत?

उत्तर : पाच बाय दीड फुटावर एकरी सुमारे 5,800 रोपे बसतात, मरतूक धरून 98 कप्प्यांचे 65 ट्रे लागतील. संकरित बियाण्याचा खर्च दोन्हीकडे येतोच. घरी रोपवाटिकेची मजुरी वाचते, पण कोकोपीट, ट्रे, जाळी अंगावर पडते. ट्रे आणि जाळी पुढेही वापरणार असाल तरच हा खटाटोप करा. एकाच लागवडीसाठी रोपे विकतच घ्या. जाळीत मात्र काटकसर मुळीच नको, 40 मेशची बारीकच हवी. पांढरी माशी आत शिरली, की चुरडा-मुरडा रोपाबरोबरच शेतात येतो. विकत घेताना एखादे रोप कप्प्यातून काढून पाहा. पांढऱ्या मुळांनी कोकोपीट घट्ट धरले असेल, तरच पैसे द्या.