आधी वाचा, मग उपाय करा

माझा भाचा नववीत शिकतो. त्याच्या घरी एक जुना संगणक आहे. त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. टक्स नावाचा पेंग्विन हे लिनक्सचे बोधचिन्ह आहे. 'सुपरटक्सकार्ट' या मोफत खेळात हाच टक्स छोटी गाडी पळवतो. हा खेळ भाच्याला हवा होता.

एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"मामू, खेळ बसलाच नाही. आता तर काहीच बसत नाही! सगळे पुसून उबुंटू पुन्हा टाकू का?"

"थांब! त्या संगणकात आणखी काय आहे?"

तो क्षणभर गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "बाजीचा बारावीचा प्रकल्प आहे. दुसरीकडे प्रत नाही."

"मग कशालाही हात लावू नकोस. मी येतो."

मी गेलो. सर्वांत आधी बाजीचा प्रकल्प पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मग भाच्याला जवळ बसवले.

"पहिल्यांदा पडद्यावर काय आले होते?"

"इंग्रजीत काहीतरी लांबलचक होते. मी वाचले नाही. बराच वेळ काही होईना, म्हणून बटण दाबून संगणक बंद केला."

चूक इथेच झाली होती. मी त्याला समजावून सांगितले, "उबुंटूमध्ये प्रत्येक खेळ पॅकेजच्या रूपाने येतो. 'ॲप्ट' हे साधन ते पॅकेज उबुंटूच्या भांडारातून आणते. 'डीपीकेजी' ते संगणकात बसवते आणि नोंदवहीत त्याची नोंद करते. एकाच हजेरीपटावर दोन शिक्षक एकदम लिहू लागले तर काय होईल?"

"गोंधळ होईल."

"म्हणूनच ज्याचे काम चालू असते, तो नोंदवहीला कुलूप लावतो. काम संपले की कुलूप उघडते. त्या वेळी तुझ्या संगणकात स्वयंचलित अपडेट चालू होते. कुलूप त्याच्याकडे होते. तुझा खेळ रांगेत उभा होता. पडद्यावर तेच लिहिले होते. तू थोडा वेळ थांबला असतास तर बस्स होते. बटण दाबलेस आणि अपडेट अर्धवट राहिले."

"पण मामू, माझा मित्र म्हणाला, कुलपाची फाइल पुसून टाक."

"आत कोणी लिहीत असताना कुलूप तोडले, तर नोंदवहीच बिघडेल. तसे कधी करू नये. बरे, आता खेळ पुन्हा बसवून पाहा."

त्याने आज्ञा दिली. पडद्यावर एक ओळ उमटली. तो लगेच म्हणाला, "बघा, पुन्हा तेच!"

"मोठ्याने वाच. अर्थ मराठीत सांग."

तो अडखळत वाचू लागला. "डीपीकेजीचे काम मध्येच थांबले आहे... ते दुरुस्त करण्यासाठी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा द्या..." एकदम त्याचे डोळे चमकले. "मामू! उपाय तर इथेच लिहिला आहे!"

त्याने ती आज्ञा दिली. संगणकाने पासवर्ड विचारला. टाइप करताना पडद्यावर काहीच दिसेना, तेव्हा तो पुन्हा घाबरला. मी म्हणालो, "पासवर्ड कोणी पाहू नये म्हणून तो दिसत नाही. पूर्ण लिही आणि एंटर दाब."

ओळीमागून ओळी सरकू लागल्या. अर्धवट राहिलेले काम पुरे झाले. मग 'सुडो ॲप्ट अपडेट' या आज्ञेने भांडाराची यादी ताजी केली. यादी जुनी असली, तर ॲप्ट भांडारात नसलेली फाइल मागते आणि रिकाम्या हाताने परत येते. शेवटी 'डीएफ -एच' ही आज्ञा देऊन डिस्कवर जागा किती आहे ते पाहिले. जागा पुरेशी होती. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल सुपरटक्सकार्ट' असे लिहिताच खेळ मुकाट्याने बसला.

संध्याकाळी टक्सची गाडी पडद्यावर धावत होती. बाजीही भावाशेजारी बसून खेळ पाहत होती. आपला प्रकल्प पुसला जाणार होता, हे तिला ठाऊक नव्हते. भाच्याने स्वतःच तिला सारे सांगितले आणि माफी मागितली.

विद्यार्थी मित्रांनो, भाषा परकी असली की आपण पहिल्याच ओळीला घाबरतो आणि पुस्तक मिटतो. संगणकाचा संदेशही एक छोटा उताराच असतो. तो शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा उत्तर शेवटच्या ओळीत असते.

शब्दार्थ
बोधचिन्ह – ओळखीचे चित्र
प्रत – नक्कल
भांडार – साठा
स्वयंचलित – आपोआप चालणारे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूंनी सर्वांत आधी कोणते काम केले?
(आ) नोंदवहीचे कुलूप कोणाकडे होते?
(इ) पासवर्ड पडद्यावर का दिसत नाही?
२. कारण लिहा : कुलपाची फाइल पुसू नये, कारण ...
३. 'मी घाई केली आणि पस्तावलो' या विषयावर आठ ओळी लिहा.